जातिवंत पिल्लू घ्यायचंय, पण परत फसायचं नाही (बेळगाव, खानापूर, निपाणी भाग)

अनगोळकर | १४ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचत होतो, आज लिहायला बसलोय.

मागच्या दिवाळीत लॅबचं (लॅब्राडोर) पिल्लू आणलं. मोबाईलवर जाहिरात बघितली होती, फोटोत गुबगुबीत, पिवळंधमक. विकणारा म्हणाला, "तुम्ही कशाला एवढं लांब येता, मीच हायवेवर आणून देतो." मला वाटलं, किती सज्जन माणूस. संध्याकाळी सातला एका धाब्यापुढं गाडी थांबली. डिकीत सफरचंदाचं खोकं, खोक्यात तीन पिल्लं. "यातलं कुठलंबी घ्या." दहा मिनिटांत व्यवहार उरकला. वय विचारलं तर पंचेचाळीस दिवस. लसीचं कार्ड मागितलं तर "व्हॉट्सॲपवर टाकतो की".

पहिले दोन दिवस नुसतं झोपून. आई म्हणाली, प्रवासाचा शीण असेल. तिसऱ्या दिवशी उलट्या, चौथ्या दिवशी रक्ताची हगवण. तो वास अजून नाकातनं जात नाही. डॉक्टरांनी पार्वो सांगितला, पिल्लांच्या आतड्याचा विषाणूचा आजार. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सलाइनला नेलं. मी स्कूटर चालवायचो, आई मागं पिल्लू पदरात घेऊन बसायची. सहाव्या दिवशी गेलं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "माझ्याकडनं गेलं तेव्हा खेळत होतं." दुसऱ्या फोनला नंबर ब्लॉक.

आता वडील रिटायर झालेत. घरासमोर छोटं अंगण आहे, वर टेरेस. ते पहाटे तासभर चालतात, सोबतीला कुत्रं पाहिजे म्हणतात, आणि पाहिजे ते जातिवंतच. आजोबांकडं कारवानी होती, आपल्याकडची शिकारी जात, तिच्या गोष्टी आजही जेवताना निघतात. आईला लॅबच पाहिजे. मला फक्त जगणारं पाहिजे.

बेळगावच्या आसपास खात्रीचा ब्रीडर ओळखायचा कसा? की कुणी सोडलेलं मोठं कुत्रं घ्यावं? कुणाचं नाव-नंबर इथं टाकू नका, नुसतं काय बघायचं ते सांगा.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट | १४ जून, रात्री ११.५५

डिकीतनं कुत्रं आणि टँकरमधनं डिझेल, दोन्ही घेऊ नये गा. पुढचं जाणकार सांगतील. शिफ्ट सुटली, झोपतो.

कॅम्पातली_काकू | १५ जून, सकाळी ७.१०

वाचून वाईट वाटलं हो. तुमच्या आईंना सांगा, त्यांचं काही चुकलं नाही.

माझी आजवर तीन कुत्री झाली, तिन्ही लॅब. मी पिल्लाकडं शेवटी बघते, आधी त्याच्या आईकडं. आई दाखवत नसेल तर उठून यायचं, चहा अर्धा राहिला तरी. "आई गावाकडं आहे", "आई झोपलीय", "आई चावते" ही तिन्ही उत्तरं मी ऐकलीत. दूध पाजणाऱ्या कुत्रीची आचळं लोंबलेली असतात, अंग थोडं उतरलेलं असतं. चकाचक, सडपातळ कुत्री पुढं करून "हीच आई" म्हणाले तर समजायचं.

दुसरं म्हणजे वास. पिल्लांची जागा दुधाची आणि थोडी मुताची वासणारच. पण फिनेलचा भपकारा आला की मी सावध होते. कालच कायतरी धुतलंय.

सध्याची आमची टिळकवाडीतल्या एका घरातली. त्या बाईंनी आम्हालाच तासभर प्रश्न विचारले. घरात दिवसभर कोण असतं, भाड्याचं घर का स्वतःचं, सुट्टीत गावाला गेलात तर कुत्रं कुठं ठेवणार. मला राग आला होता तेव्हा. वर म्हणाल्या, काही कारणानं नाही जमलं तर परत माझ्याकडंच आणून द्या, दुसऱ्याला देऊ नका. आज वाटतं, असं विचारणाऱ्याकडनंच घ्यावं.

पशुवैद्य_चिक्कोडी | १५ जून, दुपारी २.३०

दवाखान्यात जेवणाची सुट्टी आहे, तेवढ्यात लिहितो. थोडं लांबेल.

अनगोळकर, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाच्या आधीचा एक प्रश्न आहे. तुमच्या घरात पार्वो होऊन गेलाय. हा विषाणू फार चिवट, फटीत, मातीत महिनोन्‌महिने राहतो, सावलीतल्या ओलसर मातीत वर्षभरसुद्धा. फरशी, भांडी धुता येतात. आधी साबणाने घाण काढायची, मग ब्लीच ३० भाग पाण्यात १ भाग घालून दहा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं. अंगणातली माती मात्र अशी धुता येत नाही. त्या पिल्लाचं अंथरूण, दोरी, प्लास्टिकचा वाडगा अजून ठेवला असेल तर टाकून द्या. दिवाळीपासून आठ महिनेही झालेले नाहीत. दोन महिन्यांचं पिल्लू त्या अंगणात आत्ता सोडू नका, मग ते कितीही मोठ्या ब्रीडरकडचं असो.

लोक विचारतात, लस दिली होती तरी पार्वो कसा झाला? आईच्या पहिल्या दुधातनं पिल्लाला जे संरक्षण मिळतं तेच लसीलाही निष्प्रभ करतं. ते कुठल्या आठवड्यात संपेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत द्यायची. रेबीजची बाराव्या आठवड्यापासून. एक सुई टोचून "फुल व्हॅक्सिनेटेड" म्हणणारा एकतर अडाणी किंवा लबाड. जंताचं औषध त्याआधीच, दुसऱ्या आठवड्यापासून.

कार्ड हातात घेऊन बघा. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं पाहिजे, त्यावर बॅच नंबर आणि मुदत. शेजारी तारीख, डॉक्टरची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. नुसतं पेनानं "डीएचपीपीआय" (पार्वोसकट इतर रोगांची एकत्र लस) लिहिलेलं कार्ड मीही पाच मिनिटांत करून देईन. स्टिकरवरची मुदत लस दिल्याच्या तारखेआधीच संपलेली, असंही कार्ड माझ्या टेबलावर आलंय.

पंचेचाळीस दिवस हा आपल्याकडचा बाजाराचा आकडा आहे. २०१७ च्या केंद्राच्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी पाहिजे. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय लावायची नाही, वर्षातून एकच वेत, आयुष्यात पाचच. "ही मादी कितव्यांदा व्यायली?" असं सहज बोलता बोलता विचारा. प्रामाणिक माणूस आकडा सांगतो. दुसरा विषय बदलतो.

निपाणीवाला | १५ जून, संध्याकाळी ६.०५

डॉक्टर, केसीआय पेपर असले की झालं ना पण? आमच्या पाहुण्यानं पेपरवाला जर्मन शेफर्ड घेतला, दुप्पट पैसे मोजले. दीड वर्षात मागचे पाय लुळे.

पशुवैद्य_चिक्कोडी | १५ जून, रात्री ८.४५

नाही हो. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद म्हणजे वंशावळ. बाप कोण, आई कोण, आजा-पणजा कोण, मायक्रोचिपचा नंबर काय. तब्येतीचा दाखला नव्हे तो. तोही तपासून घ्यायचा असतो, चिप स्कॅनरनं वाचून नंबर कागदाशी जुळतो का बघायचं. कागद एका पिल्लाचा आणि हातात दुसरंच, असं होतं.

तुमच्या पाहुण्यांच्या कुत्र्याला हिप डिस्प्लेसिया असावा. खुब्याची खोबणी उथळ असते, सांधा नीट बसत नाही. जर्मन शेफर्ड आणि लॅब दोन्हींत आढळतो, आईबापांकडनं येतो. म्हणून पिल्लाच्या आईबापांच्या खुब्याचे एक्सरे मागायचे, कुत्रं दोन वर्षांचं झाल्यावर काढलेले. आपल्या भागात असे एक्सरे काढणारे ब्रीडर हाताच्या बोटांवर. नसतील तर निदान आई-बाप दोघांना चालताना, जिना चढताना बघा. आणि लॅबला गुळगुळीत टाइल्सवर पळवू नका, जाड करू नका. अर्धी गाय होईपर्यंत खायला घालतात आणि मग माझ्याकडं येऊन म्हणतात, उठत नाही.

जांबोटीचा_पाऊस | १६ जून, सकाळी ६.२०

मी मोठं कुत्रं घेतलेल्यांपैकी. आमच्याकडचा जर्मन शेफर्ड चार वर्षांचा असताना आला. बेळगावातल्या एका कुटुंबाची लांब बदली झाली, फ्लॅटमध्ये नेता येईना. दोन रविवार नुसतं भेटायला गेलो. तिसऱ्या रविवारी आणला, पण दहा दिवसांच्या बोलीवर. नाही जमलं तर परत.

फायदा हा, की जे आहे ते समोर दिसतं. केवढा होणार, स्वभाव कसा, लहान मुलांना सहन करतो का, फटाक्यांना भितो का. पिल्लू म्हणजे लॉटरी. तोटा हा, की जुनी दुखणीही बरोबर येतात. आणल्यावर पहिल्याच आठवड्यात रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी, गोचिडाचा ताप. एर्लिकिया म्हणाले. चार आठवडे डॉक्सीसायक्लिन. वरून कुत्रं ठणठणीत दिसत होतं, फक्त जेवण निम्मं टाकायचं. तेव्हा मोठं कुत्रं घेणाऱ्यानं रक्ततपासणी आधी करावी.

पहिले पंधरा दिवस तो फाटकाकडं तोंड करून बसायचा. पाऊस आला तरी आत येईना. सोळाव्या दिवशी माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला.

सध्या_पुणे | १६ जून, सकाळी १०.३०

जातिवंत, जातिवंत काय लावलंय? गल्लीत इतकी पिल्लं मरतायत. पैसे देऊन जीव विकत घेणं मुळातच चूक आहे. ही हौस म्हणजे नुसता दिखावा.

अनगोळकर | १६ जून, दुपारी १.१५

आमच्या गल्लीतल्या पाच कुत्र्यांना आई रोज भाकरी घालते, दोन माद्यांचं ऑपरेशनही करून आणलंय. त्यामुळं तुमचा मुद्दा कळतो. पण वडिलांना त्यांच्या बापाच्या कुत्रीसारखी कुत्री पाहिजे, त्यात मला दिखावा दिसत नाही. दिखाव्याला माणूस हस्की घेतो.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट | १६ जून, दुपारी १.४०

आमच्या शेडजवळ एकानं हस्की ठेवलाय. मे महिन्यात कूलरला नाक लावून बसतो बिचारा. मालक म्हणतो, "एसी घेणार आहे." कुत्र्यासाठी. कामगारांना पंखा नाही.

घटप्रभाकाठ | १६ जून, रात्री ९.००

कारवानीचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी मुधोळ बाजूचा, आमच्याकडं तीन पिढ्या ही कुत्री. मराठी थोडी इकडची तिकडची होईल, सांभाळून घ्या.

तुम्ही कारवानी म्हणता तीच मुधोळ हाउंड. कानाला-शेपटीला लांब झुपकेदार केस असले की पश्मी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, यातली जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली. २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर चित्र आलं. २०१६ पासून मेरठच्या आर्मीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंगला घेतली. हे सगळं विकणारा तुम्हाला सांगेलच, आणि प्रत्येक वाक्याला दर वाढवेल. राजाला कुत्रं दिलं त्याचा तुमच्या पिल्लाच्या आतड्याशी काही संबंध नाही.

२०२० च्या ऑगस्टला पंतप्रधानांच्या रेडिओवरच्या भाषणात नाव आलं आणि मागणी एकदम वर गेली. मागणी वाढली की काय होतं ते गुळातही बघतो आपण. कुणी ग्रेहाउंड लावून शर्यतीसाठी पळणारी काढतो, कुणी भाऊ-बहीणच लावतो. तेव्हा घरात दोन पिढ्या डोळ्यांसमोर दिसतील असं ठिकाण बघा. आजी, आई, पिल्लू एका अंगणात असलं तर अर्धी खात्री झाली.

सरकारी ठिकाण पाहिजे तर मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. आधी चौकशी करून जायचं, उठलं सुटलं की पिल्लू मिळालं असं नाही.

आता स्वभाव. अंगणात कोंबडी, मांजर असेल तर विसरा. पळणारी वस्तू दिसली की हाक ऐकू येत नाही हिला. कंपाउंड चार फुटाचं असेल तर वाढवा. मोकळ्या रस्त्यावर दोरीशिवाय नाही म्हणजे नाही. अनोळखी माणसानं डोक्यावर हात ठेवलेला आवडत नाही. बरगड्या दिसतात, तशाच दिसायला पाहिजेत. शेजारचे "उपाशी ठेवलंय" म्हणतील, म्हणू दे. अंगावर चरबी नाही, केस तोकडे, तुमच्याकडच्या पावसात कुडकुडणार. आत घ्यावं लागेल. आणि कधी भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरला जात सांगा, काही औषधांतनं ही कुत्री उशिरा शुद्धीवर येतात.

पशुवैद्य_चिक्कोडी | १६ जून, रात्री ९.५०

शेवटचं वाक्य शंभर टक्के बरोबर. तेवढ्यासाठी धन्यवाद.

कॅम्पातली_काकू | १७ जून, सकाळी ७.३०

अनगोळकर, डॉक्टरांनी अंगणाचं सांगितलंय त्यावर मला एक सुचतं. काही ब्रीडर वेतातलं एखादं पिल्लू स्वतःसाठी राखून ठेवतात आणि चार-पाच महिन्यांनी देऊन टाकतात, डॉग शोला रंग-ठेवण बसत नाही म्हणून. लसी पुऱ्या झालेल्या असतात, दुधाचे दात पडायला लागलेले असतात. लोक घेत नाहीत, त्यांना बोटभर पिल्लू पाहिजे असतं. तुम्हाला तेच बरं.

अनगोळकर | १७ जून, रात्री १०.२०

हे डोक्यातच आलं नव्हतं. अंगणाचा तर अजिबात विचार केला नव्हता, मी पुढच्या रविवारीच आणायला निघालो होतो. तो स्टीलचा वाडगा आणि पट्टा आईनं माळ्यावर ठेवलाय. वाडगा उकळून ब्लीचनं धुतो, पट्टा टाकतो. तिला काय सांगायचं ते बघतो.

अनगोळकर | २३ ऑगस्ट, दुपारी ४.००

मंडळी, अपडेट. उशीर झाला, पण आता सांगण्यासारखं आहे.

घटप्रभाकाठ यांच्याशी निरोपानिरोपीतून बोलणं झालं. त्यांनी स्वतःकडचं दिलं नाही, म्हणाले आमच्याकडं यंदा वेतच नाही. त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं घर सांगितलं. जुलैत एकदा नुसतं बघायला गेलो, यरगट्टी-लोकापूर रस्त्यानं. वडील, मी, आणि आई "मी गाडीतनं उतरणार नाही" म्हणत आलेली.

घर मळ्यात. पिल्लांची आई बांधलेली नव्हती, मक्याच्या पोत्यांच्या थप्पीवर चढून झोपली होती. आम्ही दिसल्यावर उतरली, लांबूनच चक्कर मारून बघितलं, भुंकली नाही. तिची आई खाटेखाली, तोंड पांढरं झालेलं, एक डोळा निळसर. बाकीची पिल्लं देऊन झालेली, एकच मादी राहिलेली. साडेचार महिन्यांची, फिकट मातकट रंग, छातीवर पांढरा ठिपका जरा वाकडा. त्या माणसाच्या मुलाला शोला न्यायची होती, ठिपक्यामुळं नको झाली.

वडील खाली मांडी घालून बसले आणि तिच्याकडं बघितलंच नाही. आजोबा असंच करायचे म्हणे. मालकाशी पिकापाण्याचं बोलत राहिले, वीस मिनिटं. मग ती मागून आली आणि वडिलांच्या शर्टाच्या खिशातला चष्म्याचा डबा हुंगून गेली. आई तोवर गाडीतनं उतरलेली होती.

मी कार्ड बघितलं. चार स्टिकर, प्रत्येकाला शिक्का, शेवटची लस सतराव्या आठवड्यातली, रेबीज वेगळी. "आई कितव्यांदा व्यायली?" विचारलं. मालक म्हणाला, "दुसऱ्यांदा. पहिल्या वेताची तीन जगली, दोन गेली." हे त्यानं न विचारता सांगितलं. केसीआय पेपर नाहीत, हेही त्यानंच सांगितलं. बयाणा देऊ का म्हटलं तर नको म्हणाला, घरी जाऊन विचार करा, पंधरा दिवसांनी या.

पंधरा दिवसांनी गेलो. येताना गाडीत आईच्याच मांडीवर. बेळगावात शिरल्याबरोबर थेट दवाखाना, शी तपासली (जंत निघाले, औषध दिलं), रक्त तपासलं, ते स्वच्छ. आज घरात सोळावा दिवस.

अडचण एकच. घरात कुणाचं काही ऐकत नाही. आई "बस, बस" म्हणते, ती नुसती बघते. "ये" म्हटलं तर तोंड फिरवते. कान दुखतोय का काय म्हणून परत दवाखान्यात नेणार होतो.

घटप्रभाकाठ | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ५.१५

दवाखान्यात नेऊ नका, पैसे वाचवा. त्या घरात मराठी कोण बोलतंय? कानडीत "कुंद्र" म्हणा. बोलवायचं तर "बा".

अनगोळकर | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ५.४०

बसली!! पहिल्या हाकेला. आई स्वयंपाकघरातनं "कुंद्र कुंद्र" ओरडायली आणि ही दर वेळी बसायलीय. वडील म्हणतात, हळूहळू मराठी शिकवू.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट | २३ ऑगस्ट, रात्री ११.५०

घरातच सीमाप्रश्न आणलास की गा. नाव काय ठेवलं ते सांग आधी, आणि कंपाउंड किती फुटाचं केलं?

अनगोळकर | २४ ऑगस्ट, सकाळी ६.४५

नाव तुंगा. कंपाउंड पाच फुटांचं केलं होतं. काल संध्याकाळी शेजारच्या मांजरामागं त्यावरनं गेली. गवंड्याला परत बोलावलंय.